‘जाऊन येतो’ म्हणणारा देश : जपानमध्ये राहायची तयारी घरून कशी करावी

घरातून बाहेर पडताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जपानी माणूस म्हणतो ‘इत्तेकिमासु’, म्हणजे शब्दशः ‘जाऊन येतो’. घरात मागे राहिलेला उत्तर देतो ‘इत्तेराश्शाइ’, जाऊन ये. परदेशात राहण्याचं स्वप्न तुम्हाला जपानकडे ओढत असेल, तर तयारीची सुरुवात इथून करा. साकुराची फुलं आणि फुजी पर्वत पाहायला दहा दिवसांची सहल पुरते. राहायला जाणाऱ्याला तिथला साधा मंगळवार जमायला हवा: चपला कुठे काढायच्या, कोणता कचरा किती वाजता ठेवायचा, दुकानातल्या पाकिटावर काय लिहिलंय. यातलं बरंचसं पुण्यात, नाशकात किंवा साताऱ्यात बसून शिकता येतं, आणि शिकून गेलेल्याचे पहिले सहा महिने खूपच सुसह्य जातात.

भाषा : आपल्याला कुठे सोपी, कुठे अवघड

मराठी माणसाला जपानी व्याकरण इंग्रजीतून शिकवलं की ते उगाच अवघड होतं. क्रियापद शेवटी, विभक्तीसारखे प्रत्यय नामामागे, ही रचना आपलीच आहे. ‘पुणे नि सुन्दे इमासु’ म्हणजे ‘पुण्यात राहतो’. ‘नि’ म्हणजे आपला ‘त’ किंवा ‘ला’, ‘कारा’ म्हणजे ‘पासून’, ‘मादे’ म्हणजे ‘पर्यंत’, ‘नो’ म्हणजे ‘चा-ची-चे’, ‘मो’ म्हणजे ‘ही’. खरी गंमत जोड क्रियापदांत आहे: ‘ताबेते मिरु’ खाऊन बघणे, ‘ताबेते शिमाउ’ खाऊन टाकणे, ‘काइते ओकु’ लिहून ठेवणे, ‘मोत्ते कुरु’ घेऊन येणे. इंग्रजी माध्यमाच्या पुस्तकात यासाठी पानभर स्पष्टीकरण असतं. आपल्याला एक ओळ पुरते. म्हणून वहीत प्रत्येक वाक्याखाली मराठी अर्थ लिहा, इंग्रजी लिहू नका.

लिपीचंही तसंच. हिरागाना या मूळ जपानी शब्दांसाठीच्या अक्षरलिपीचा क्रम ‘आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’ असा आहे. हा क्रम बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत वर्णमालेवरून आला. कवर्ग, चवर्ग, तवर्ग, पवर्ग आणि मग य-र-व हा आपला क्रम त्यात स्पष्ट दिसतो (‘सा’ चवर्गाच्या जागी, ‘हा’ पवर्गाच्या जागी). त्यामुळे तक्ता पाठ करायला वेळ लागत नाही. हिरागानाची ४६ मूळ अक्षरं दोन आठवड्यांत आणि काताकानाची (परके शब्द लिहिण्याच्या लिपीची) तेवढीच पुढच्या दोन आठवड्यांत होतात. रोज ५ अक्षरं, प्रत्येक २० वेळा हाताने, आणि दुसऱ्या दिवशी न बघता. अॅपवर नुसतं बोट फिरवून ओळखता येतं, लिहिता येत नाही. आणि तिथले अर्ज हातानेच भरायचे असतात.

काताकानाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. ही चूक महागात पडते. तुमचं नाव काताकानात लिहिलं जाणार आहे, आणि खाद्यपदार्थांच्या पाकिटांवरचे अनेक घटकही काताकानात असतात. त्याबद्दल पुढे.

मराठी माणसाची जीभ हमखास घसरते ती दीर्घ स्वरावर. मराठी बोलताना ऱ्हस्व-दीर्घाने सहसा अर्थ बदलत नाही, जपानीत बदलतो. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘बिरु’ म्हणजे इमारत, ‘बीरु’ म्हणजे बिअर. दीर्घ स्वर बरोबर दुप्पट वेळ धरायचा असतो, म्हणून सरावाला टाळी वापरा: ओ-बा-सा-न चार टाळ्या, ओ-बा-आ-सा-न पाच टाळ्या. जोडाक्षराला मात्र आपण सरावलेले आहोत. ‘किते कुदासाइ’ (या) आणि ‘कित्ते कुदासाइ’ (कापा) यातला फरक आपल्याला सहज ऐकू येतो. ‘त्सु’ म्हणताना ‘चमचा’तला च आठवा आणि थोडा त मिसळा.

कांजीला, म्हणजे चिनी चित्राक्षरांना, मात्र काही जवळचा रस्ता नाही. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या कांजी २,१३६ आहेत. निघण्यापूर्वी ३०० आल्या तर दुकान, स्टेशन आणि कचऱ्याचं वेळापत्रक वाचता येतं.

परीक्षा म्हणजे जेएलपीटी, जपानी भाषेच्या प्रावीण्याची चाचणी. ती जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होते, आणि पुणे व मुंबई इथे केंद्रं आहेत. नोंदणी परीक्षेच्या तीन-चार महिने आधी उघडते. जागा मर्यादित असतात, म्हणून नोंदणी उघडल्याच्या आठवड्यातच भरा. एन५ ही सर्वांत खालची पातळी, एन१ सर्वांत वरची. एन५ला १८० पैकी ८० गुण लागतात, पण त्यात श्रवणाचे ६० पैकी किमान १९ हवेतच. एकूण १२० मिळवूनही श्रवणात १७ आले तर नापास. घरात बसून व्याकरणच घोकणाऱ्यांचं इथेच नुकसान होतं. रोज २० मिनिटं एनएचके या जपानी प्रसारण संस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या ऐका, आधी न वाचता, मग वाचून, मग पुन्हा न वाचता. या परीक्षेत बोलण्याची चाचणी नाही, त्यामुळे एन३ झालेला माणूसही घरमालकाशी फोनवर बोलताना अडखळतो. आठवड्यातून दोनदा कुणाशी तरी तासभर बोलायची सोय करा. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे. टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आणि पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकता येतं. गावात वर्ग नसेल तर जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे साहित्य ध्वनिफितींसह मोफत उतरवून घेता येतं. ते जपानमध्ये राहून काम करणाऱ्यांसाठीच तयार केलेलं आहे, म्हणून त्यात दवाखाना, कचरा, शेजारी असे धडे येतात.

रोज एक तास दिला तर एन५ला साधारण सहा महिने आणि एन४ला त्यापुढे आठ महिने धरा.

कोणत्या रस्त्याने

तीन रस्ते बहुतेकांच्या कामाचे आहेत.

भाषाशाळा: बारावी पूर्ण हवी. शाळा एन५ किंवा सुमारे १५० तास शिकल्याचा दाखला मागतात. वर्षाची फी साधारण ७ ते ९ लाख येन. प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीत. एप्रिलसाठीचे कागद आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत शाळेकडे पोहोचायला हवेत. एप्रिलला गेलात तर दोन वर्षं शिकता येतं, ऑक्टोबरला गेलात तर दीड. अर्ज अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे पैशांचा पुरावा. खात्यावर अर्जाच्या आदल्या महिन्यात अचानक मोठी रक्कम आलेली दिसली की इमिग्रेशनला ती उसनी वाटते. खर्च करणाऱ्या पालकाच्या खात्यात रक्कम हळूहळू साठलेली आणि उत्पन्नाच्या दाखल्याशी जुळणारी हवी. एफडी मोडून पैसे आणले असतील तर ती मोडल्याची पावती जोडा.

तोकुतेई गिनो, म्हणजे विशिष्ट कौशल्याचा व्हिसा: एप्रिल २०१९ मध्ये सुरू झाला, आणि भारत-जपान करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, उपाहारगृह, बांधकाम अशी क्षेत्रं यात येतात. कौशल्याची परीक्षा आणि भाषेसाठी एन४ किंवा जेएफटी-बेसिक (जपान फाउंडेशनची प्राथमिक जपानीची परीक्षा) लागते. शुश्रूषेसाठी त्या कामाच्या जपानीची वेगळी परीक्षाही असते. पहिल्या टप्प्यात साधारण पाच वर्षं, आणि कुटुंब नेता येत नाही. हा मुद्दा घरी आधी बोलून घ्या. या रस्त्यावर एजंट भेटतात. भारतात नोंदणीकृत भरती एजंटला कायद्याने ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. कुणी ‘प्रोसेसिंग’च्या नावाखाली काही लाख मागत असेल तर भारत सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासा. तो सापडला नाही तर तिथून उठा.

पदवीधरांची नोकरी: अभियंते आणि संगणकवाले याच व्हिसावर जातात. कामाशी जुळणारी पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव लागतो. टोकियोतल्या काही कंपन्या इंग्रजीवर घेतात, पण दुसरी नोकरी शोधताना एन२ नसेल तर पर्याय फार कमी उरतात.

तिन्ही रस्त्यांत आधी जपानमधून ‘पात्रता प्रमाणपत्र’ येतं आणि मग मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या व्यवस्थेतून व्हिसा मिळतो. हे प्रमाणपत्र तीन महिने चालतं. तेवढ्या वेळात जपानमध्ये उतरावं लागतं, म्हणून ते आल्यावर लग्नसराईसाठी थांबू नका.

नावाचा घोळ आधीच मिटवा

महाराष्ट्रातल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाबरोबर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही असतं. तिथे ते सगळं एकच लांब नाव मानलं जातं, आणि बँकेच्या अर्जातल्या चौकटी संपतात. शिवाय ते काताकानात कसं लिहायचं हे तुम्हीच ठरवायचं असतं. कुलकर्णी ‘कुरुकारुनि’ होतात, ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्हींचा ‘रु’ होतो, ‘व’ कधी ‘बा’ होतो तर कधी ‘वा’. शाळेत एक, बँकेत दुसरं आणि पगाराच्या कागदावर तिसरं लिहिलं की पैसे जमा न होता परत जातात. निघण्याआधी एक रूप पक्कं करा, कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी तेच उतरवा. नाव आणि पत्ता मिळून शंभरदा लिहून काढा.

वर्षाचंही लक्षात ठेवा. सरकारी अर्जांत बऱ्याचदा ‘रेइवा’ कालगणना असते. इसवी सनातून २०१८ वजा करा: २०२६ म्हणजे रेइवा ८.

एक महिना घरच्या घरी

जायच्या आधीच्या उन्हाळ्यात हा सराव करा.

दाराच्या आत दोन बाय तीन फूट जागा आखा. तो ‘गेन्कान’. चपला तिथेच काढायच्या, टोकं दाराकडे वळवून ठेवायच्या, आणि काढलेल्या पायाने त्या जागेवर परत पाऊल टाकायचं नाही. आपल्याकडेही चपला बाहेरच असतात, म्हणून हे सोपं वाटतं. चूक होते ती सामान आत घेताना किंवा विसरलेला मोबाइल आणायला एका पायावर जाताना. संडासाच्या वेगळ्या सपाता असतात, त्या घालून खोलीत यायचं नाही.

घरात चार पिशव्या टांगा: जळणारा कचरा (मोएरु गोमि), न जळणारा (मोएनाइ गोमि), प्लास्टिकच्या बाटल्या, डबे-काच. ओला कचरा पाणी निथळून जळणाऱ्यात. बाटलीचं झाकण आणि लेबल काढायचं, बाटली धुवायची, चेपायची. प्रत्येक पिशवीला वार ठरवा आणि त्या वारी सकाळी आठच्या आतच बाहेर न्या. एक दिवस चुकला की ती पिशवी आठवडाभर घरात ठेवायची. चौथ्या आठवड्यापर्यंत अंगवळणी पडतं. शिकोकू बेटावरचं कामिकात्सु गाव कचऱ्याचे ४० हून जास्त प्रकार करतं. तुमच्या वाट्याला बहुधा सहा ते दहा येतील.

फोन कायम सायलेंटवर ठेवा आणि बस-लोकलमध्ये कॉल घेऊ नका. वेळेच्या पाच मिनिटं आधी पोहोचा. काड्यांनी पोहे खा. पोहे जमले की भात जमतो. काड्या भातात उभ्या रोवायच्या नाहीत आणि काडीवरून दुसऱ्याच्या काडीवर घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी मृत्यूच्या विधींतल्या आहेत, आपल्याकडे पानात उलटं वाढण्यासारख्या.

जवळ असाल तर सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात सकाळी जा. ते पुणे-ओकायामा मैत्रीतून, ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर झालं आहे. मात्र तिथे बसून शब्द पाठ करा, नुसते फोटो काढू नका.

बॅग

जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे घरघरतो आणि वाटण होत नाही. परदेशासाठी बनवलेला ११० व्होल्टचा मिक्सर न्या. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात. दोन चपट्या पिनांचे अॅडॉप्टर तीन-चार घ्या. कुकर न्यायचाच, पण अॅल्युमिनियमचा इंडक्शन शेगडीवर तापत नाही. स्टीलचा, इंडक्शनच्या बुडाचा घ्या, आणि दोन जादा शिट्ट्या व गास्केट.

मसाले, पापड, कोरड्या चटण्या चालतात. मांसाचे पदार्थ अजिबात चालत नाहीत. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं, बिया सोबत नेऊ नका: काहींवर बंदीच आहे, बाकीच्यांना तपासणीचं प्रमाणपत्र लागतं. आंबे विमानतळावर जप्त होतात.

औषधांबाबत फार काळजी घ्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं एक महिन्यापुरती विनापरवाना नेता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर ‘युन्यु काकुनिन्शो’ हा परवाना आधी काढावा लागतो. सर्दी-खोकल्याच्या काही भारतीय गोळ्या-सिरपमध्ये स्यूडोएफेड्रिन किंवा कोडीन असतं, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असेल तर ते तिथे बेकायदा आहे. पाकिटावरचा घटक वाचल्याशिवाय घरच्यांनी दिलेली औषधांची पुडी बॅगेत टाकू नका.

पहिले चौदा दिवस

क्रम महत्त्वाचा, कारण एक कागद दुसऱ्यावर अडतो.

विमानतळावर निवासपत्र (झाइर्यू कार्ड) मिळतं. विद्यार्थी असाल तर तिथेच अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज द्या. ही संधी सोडली तर नंतर इमिग्रेशन कार्यालयात रांग लावावी लागते. परवानगी आठवड्याला २८ तासांची असते. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हींचे मिळून २८. हे ओलांडलेलं व्हिसाच्या नूतनीकरणावेळी कराच्या नोंदींतून बाहेर येतं, आणि शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागतं.

घर मिळाल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड किंवा शहर कार्यालयात (कुयाकुशो, शियाकुशो) पत्ता नोंदवा. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंद करा. दवाखान्याच्या बिलाचे ३० टक्के तुम्ही भरता. विद्यार्थ्याने त्याच दिवशी निवृत्तिवेतनाची हप्तेसवलत मागावी, नाहीतर महिन्याला १७,००० येनांहून जास्त रकमेची बिलं येत राहतात. मग सिमकार्ड. मग बँक: नवख्यांना टपाल बँक त्यातल्या त्यात सोपी, पण पहिल्या सहा महिन्यांत खात्यावर काही बंधनं असतात.

पत्रपेटीवर नाव चिकटवा. हे सांगूनही लोक विसरतात. पेटीवर नाव नसेल तर टपाल परत जातं, आणि ‘माय नंबर’ची (रहिवाशांना मिळणाऱ्या ओळख क्रमांकाची) सूचना, बँकेचं कार्ड, विम्याची बिलं सगळं टपालानेच येतं.

नोकरी करणाऱ्यांनी दुसऱ्या वर्षाच्या जूनसाठी पैसे बाजूला ठेवावेत. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, म्हणून पहिल्या वर्षी तो दिसत नाही आणि पुढच्या जूनपासून पगार अचानक कमी होतो.

घर

जाहिरातीत ‘१के, ६ जो’ असं दिसेल. १के म्हणजे एक खोली आणि वेगळं छोटं स्वयंपाकघर. ‘जो’ म्हणजे एक तातामी (गवती चटई), सुमारे १.६२ चौरस मीटर. सहा जोची खोली जवळजवळ दहा चौरस मीटर, म्हणजे आपल्या १०५ चौरस फुटांच्या आसपास.

भाडं ६०,००० येन असेल तर सुरुवातीला त्याच्या चार ते सहा पट लागतात. अनामत (शिकिकिन), घरमालकाला द्यायची न परतणारी रक्कम (रेइकिन), दलाली जास्तीत जास्त एक महिना आणि कर, हमी कंपनीचं शुल्क, आगविमा, कुलूप बदलण्याचा खर्च. रेइकिन आपल्याला पटत नाही, पण घासाघीस करण्याऐवजी ‘रेइकिन शून्य’ असलेली घरंच शोधा. यूआर या सरकारी संस्थेच्या घरांना रेइकिन, दलाली, जामीनदार काहीच लागत नाही. अट असते उत्पन्नाची किंवा बचतीची. पहिले सहा महिने शाळेच्या वसतिगृहात किंवा शेअर हाउसमध्ये राहणं शहाणपणाचं.

रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं: दिवे नाहीत, पडदे नाहीत, बऱ्याचदा शेगडीही नाही. गॅस सुरू करायला कर्मचारी घरी येतो आणि तुम्हाला हजर राहावं लागतं, म्हणून राहायला जायच्या आठवडाभर आधी वेळ ठरवा. शेगडी घेताना घरात नळाचा गॅस आहे की सिलिंडरचा ते विचारा. चुकीच्या गॅसवर चुकीची शेगडी धोकादायक असते.

पहिल्याच दिवशी, सामान उघडण्याआधी, भिंती, जमीन, न्हाणीघर, खिडक्यांच्या चौकटी यांचे तारखेसह ५०-६० फोटो काढा. घर सोडताना दुरुस्तीचे पैसे अनामतीतून कापतात. सरकारी मार्गदर्शक सूचनेनुसार नैसर्गिक झीज घरमालकाची, आणि भिंतीच्या कागदाचं मूल्य सहा वर्षांत जवळजवळ शून्य धरलं जातं. फोटो असले तर हे बोलता येतं. मराठी घरांत अनामत जाते ती फोडणीपायी. तेल, हिंग आणि मिरचीचा धूर कागदी भिंतीत मुरतो आणि वास जात नाही. पंखा फोडणीच्या पाच मिनिटं आधी सुरू करा आणि अर्धा तास चालू ठेवा, शेगडीमागे अॅल्युमिनियमचा पडदा लावा, खोलीचं दार बंद ठेवा. उरलेलं तेल मोरीत ओतू नका. गोठवणारी पूड मिळते, ती गरम तेलात टाकली की तासाभरात त्याची वडी होते आणि ती जळणाऱ्या कचऱ्यात जाते.

शाकाहारी जेवण

शाकाहारी माणसाला जपानमध्ये मांसापेक्षा जास्त सांभाळावं लागतं ते ‘दाशि’ला. कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या कापांचं हे पाणी मिसो सूप, उदोन नावाच्या जाड शेवया, भाज्यांचे रस्से, सॉस या सगळ्यांत असतं. ‘निकु’ म्हणजे मांस. नुसतं ‘निकु नको’ म्हटलं तर मासे येणार, कारण मासा ‘निकु’त मोडत नाही. वाक्य असं पाठ करा: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन. कात्सुओ दाशि मो दामे देसु.’ मांसही नाही, मासेही नाही, कात्सुओ दाशिही चालत नाही. ऑर्डर देण्याआधी सांगा, ताट आल्यावर नाही; आयत्या वेळी बदल करणं तिथल्या स्वयंपाकघराला जमत नाही आणि त्यांना संकोच वाटतो. कोंबु या समुद्री वनस्पतीची दाशि शाकाहारी असते. कोयासानसारख्या ठिकाणच्या मठांत मिळणारं ‘शोजिन र्‍योरि’ हे भिक्षूंचं जेवण मांस-माशाशिवाय असतं.

पाकिटावर काताकानात ‘एकिसु’ (अर्क) दिसलं की त्याच्या आधीचा शब्द वाचा: ‘पोकु’ डुक्कर, ‘चिकिन’ कोंबडी, ‘बीफु’ गोमांस. ‘रादो’ म्हणजे चरबी, ‘झेराचिन’ म्हणजे जिलेटिन. तयार करीच्या वड्यांत बहुधा गाय-डुकराची चरबी असते. याखेरीज मांस, मासा, गाय, डुक्कर, अंडं, दूध या सहा कांजी पहिल्या महिन्यात शिका.

तांदूळ आखूड आणि चिकट. २०२५ मध्ये ५ किलोचा भाव ४,००० येनांच्या वर गेला होता. वरणभाताला तो छान लागतो, पुलावाला नाही. भेंडी ‘ओकुरा’ नावाने सहज मिळते. डाळी, पोहे, बेसन टोकियोच्या निशिकासाइ आणि शिन-ओकुबो भागांतल्या दुकानांत किंवा ऑनलाइन. निशिकासाइ ज्या एदोगावा वॉर्डात आहे, तिथल्या सभेवर २०१९ मध्ये मूळचे भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. भारतीय वस्ती तिथे मोठी आहे आणि टोकियोत मराठी मंडळही आहे. पण पहिलं घर तिथेच घेण्याची घाई करू नका. संध्याकाळी सगळं मराठी-हिंदीत भागलं की भाषा थांबते.

शेजारी आणि भूकंप

राहायला आल्यावर दोन्ही बाजूंच्या आणि खालच्या घरी छोटी भेट घेऊन जा: रुमाल, बिस्किटं, ५०० ते १,००० येनांपर्यंत. दार उघडल्यावर नाव, ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ (लोभ असू द्या), वाकून नमस्कार, आणि निघा. आत बोलावण्याची अपेक्षा नको. मोठ्या शहरांत काही जण दार उघडत नाहीत. दोनदा जाऊन पाहा, मग सोडून द्या. ही ओळख असली की कचऱ्याची पिशवी चुकल्यावर शेजारी आधी तुम्हाला सांगतो, मालकाला नाही.

सार्वजनिक न्हाणीघरात आधी बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. कुणाच्या घरी मुक्काम असेल तर अंघोळीनंतर टबाचं पाणी सोडू नका, त्याच पाण्यात पुढचा माणूस उतरणार असतो.

भूकंपाची तयारी पहिल्या आठवड्यातच करा. शहर कार्यालयातून धोक्याचा नकाशा घ्या आणि जवळचं आसराकेंद्र (हिनानजो) कुठे आहे ते चालत जाऊन बघा. माणशी दिवसाला ३ लिटर असं तीन दिवसांचं पाणी, बॅटरी, रोख नाणी, औषधं, पासपोर्टची प्रत एका पिशवीत दाराजवळ ठेवा. कपाट पलंगाच्या दिशेने पडणार नाही असं लावा. हादरा थांबेपर्यंत टेबलाखाली, मग गॅस बंद, मग दार उघडून ठेवणं. चौकट वाकली तर ते नंतर उघडत नाही. पोलीस ११०, आग आणि रुग्णवाहिका ११९.

मोठ्या आपत्तीत फोन लागत नाहीत. १७१ या क्रमांकावर निरोप ध्वनिमुद्रित करून ठेवता येतो, आणि दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला त्याचा सराव करता येतो. हा क्रमांक भारतातून लागत नाही. म्हणून निघण्याआधी घरच्यांशी ठरवून ठेवा: जपानमध्ये भूकंपाची बातमी दिसली तर त्यांनी फोन लावत बसायचं नाही, तुम्ही एका ठरलेल्या गटावर एक शब्द टाकायचा, आणि तो शब्द कोणता ते कागदावर लिहून घरातल्या फ्रिजवर चिकटवायचं.